शेवाळाचे तेल: गाळायचे की पाडायचे?

मराठीत तेलासाठी दोन क्रियापदे आहेत आणि ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. करडईचे तेल गाळतात. करवंटीचे तेल पाडतात. करडईच्या दाण्यात तेल आधीपासून असतेच, घाण्याचे काम ते पिळून बाहेर आणायचे. करवंटीत तेल नसते. ती बंद भांड्यात, हवा लागू न देता तापवली की तिच्यातले लाकूड तुटते, त्याचा धूर होतो आणि तो धूर थंड झाला की काळपट, उग्र वासाचा द्रव खाली ठिबकतो. गजकर्णावर लावायला जुनी माणसे तो जपून ठेवत. वैद्यांकडे या कामासाठी पाताळयंत्र असे. जमिनीत खड्डा, खड्ड्यात भांडे, त्यावर तळाला भोक पाडलेले मडके, मडक्यात करवंट्या किंवा बिब्बे, तोंड मातीने लिंपलेले आणि वरून गोवऱ्यांचा जाळ. आज रसायनशास्त्रात ज्याला ताप-अपघटन किंवा पायरोलिसिस म्हणतात, त्याची ही गावठी आवृत्ती. आवृत्ती गावठी असली तरी तत्त्व तेच आहे: हवा नसेल तर पदार्थ जळत नाही, मोडतो.

हा भेद सुरुवातीलाच सांगण्याचे कारण असे, की शेवाळापासून तेल ही गोष्ट आपल्याकडे जेव्हा जेव्हा बोलली जाते तेव्हा ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे घाणा असतो. मी लातूर आणि नांदेड या दोन्ही गावांत रसायनशास्त्र शिकवले. विज्ञान प्रदर्शनात हिरव्या पाण्याची बाटली आणि शेजारी ‘शेवाळापासून डिझेल’ असा तक्ता हे दृश्य बऱ्याच वेळा पाहिले. परीक्षक विचारतात, ‘यात तेल किती टक्के?’ मुले पाठ केलेला आकडा सांगतात. प्रश्न आणि उत्तर दोन्ही घाण्याचे आहेत. तेल पाडायचे असेल तर शेवाळात तेल किती आहे यापेक्षा शेवाळ किती कोरडे आहे हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. आणि मराठवाड्यात पाण्याचा प्रश्न आला की तो एका बाजूने कधीच येत नाही.

आधी शेवाळाविषयी. इथे विहिरीच्या पायरीवरचे बुळबुळीत, दोऱ्यादोऱ्यांचे शेवाळ अभिप्रेत नाही. सूक्ष्मशैवाल म्हणजे एकेका पेशीचा स्वतंत्र जीव. क्लोरेला ही त्यातली नेहमीची, प्रयोगशाळेत सगळ्यांत जास्त वाढवली गेलेली जात. तिची पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान असते. तिला मूळ नाही, खोड नाही, फूल नाही, त्यामुळे सूर्याची मिळालेली ऊर्जा वाढण्यातच जाते. लोणारच्या खाऱ्या सरोवराचा हिरवा रंग अशाच सूक्ष्मजीवांचा, मुख्यतः स्पिरुलिना गटातल्या नील-हरित शैवालाचा आहे. (जून २०२० मध्ये ते सरोवर गुलाबी झाले तेव्हा वर्तमानपत्रांनी बराच गहजब केला, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून तो रंग क्षारप्रेमी आर्किया-जीवाणूंचा असल्याचे सांगितले.) नांदेडला उन्हाळ्यात गोदावरीचा प्रवाह थांबला की डबक्यांवर जी हिरवी साय धरते तीही याच कुळाची. तिथे तिला कोणी पेरत नाही. शहराचे सांडपाणी तिचे खत होते.

उघड्या, पसरट, फूटभर खोल तळ्यात चांगले शेवाळ दर चौरस मीटरमागे दिवसाला १५ ग्रॅम कोरडे वजन देते असे धरू. याहून मोठे आकडे छापून येतात, पण ते थोड्या दिवसांचे आणि काचेच्या नळ्यांतले असतात. १५ ग्रॅमने हेक्टरी दिवसाला दीडशे किलो होतात आणि वर्षाचे पावसाळी, ढगाळ दिवस वजा जाता चाळीस-पंचेचाळीस टन. आमच्याकडे कोरडवाहू सोयाबीन हेक्टरी टन-दीड टन होते, त्यात तेल अठरा-वीस टक्के. या दोन आकड्यांच्या फरकावरच शेवाळाची सगळी कीर्ती उभी आहे.

ती कीर्ती जुनी आहे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९७८ साली शेवाळापासून इंधनाचा कार्यक्रम सुरू केला आणि १९९६ साली बंद केला, कारण खनिज तेल स्वस्त होते आणि शेवाळाचे तेल काही केल्या त्या किमतीला येईना. पुढे २००९ साली एक्सॉनमोबिलने क्रेग व्हेंटर यांच्या कंपनीबरोबर मोठा गाजावाजा करून हेच काम हाती घेतले आणि २०२३ साली त्यातून अंग काढले. आपल्याकडे भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेने २०१२ साली शेवाळाचे बायोडिझेल २० टक्के मिसळून मोटार चालवून दाखवली. त्या वेळी केंद्रातले विज्ञान-तंत्रज्ञान खाते लातूरच्या बाभळगावचे विलासराव देशमुख यांच्याकडे होते. पण त्या मोटारीची चर्चा लातुरात झालेली मला आठवत नाही. ते तेल गाळलेले होते. म्हणजे शेवाळातला स्निग्धांश वेगळा काढून त्याचे डिझेल केलेले.

गाळण्याच्या वाटेवर मोठी अडचण आहे. पोटभर खाऊन झपाट्याने वाढणाऱ्या शेवाळात स्निग्धांश फार नसतो, दहा-वीस टक्के. तो वाढवायचा तर त्याला नायट्रोजनवाचून उपाशी ठेवावे लागते. उपाशी शेवाळ चरबी साठवते, पण वाढ थांबवते. म्हणजे टक्केवारी हवी तर उत्पन्न जाते आणि उत्पन्न हवे तर टक्केवारी जाते. उरलेले ऐंशी टक्के, म्हणजे प्रथिने आणि पिष्टमय पदार्थ, घाण्याच्या दृष्टीने पेंड. तेल पाडणारा मात्र ही पेंड टाकत नाही. बंद भांड्यात ४५० ते ५५० अंश सेल्सिअसला तिचेही तुकडे पडतात, आणि त्या वाफा एक-दोन सेकंदांत थंड केल्या तर तिचाही द्रव होतो. सावकाश तापवले तर कोळसा जास्त, झटकन तापवून झटकन थंड केले तर द्रव जास्त. कोळसा पाडणाऱ्याची घाई आणि तेल पाडणाऱ्याची घाई यांत एवढाच फरक आहे.

मग त्या द्रवात असते काय? वर्गात मी एक साधा प्रयोग दाखवत असे. एका जाड काचेच्या नळीत लाकडाचा भुसा, दुसरीत औषधाच्या दुकानात मिळणारी स्पिरुलिनाची पूड. दोन्ही खालून तापवायच्या आणि तोंडाशी लिटमस धरायचा. भुशाच्या वाफेने निळा लिटमस तांबडा होतो, कारण तिच्यात व्हिनेगारचे आम्ल असते. स्पिरुलिनाच्या वाफेने उलट, तांबडा लिटमस निळा होतो आणि वर्गात केस जळाल्याचा वास भरतो. मागच्या बाकावरची मुले खिडकी उघडायला उठतात. केस, शिंग, लोकर आणि शेवाळ यांच्यात समान काय, तर प्रथिन. आणि प्रथिनात नायट्रोजन. स्कॉटलंडच्या थॉमस अँडरसन या रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पिरिडीन हा दुर्गंधी पदार्थ वेगळा केला तो हाडे तापवून पाडलेल्या तेलातून. शेवाळाच्या तेलात त्याचेच भाऊबंद निघतात. हे तेल तसेच जाळले तर त्या नायट्रोजनचे ऑक्साइड हवेत जातात. लाकडाच्या पाडलेल्या तेलात हा त्रास कमी, पण तिथे ऑक्सिजन पस्तीस-चाळीस टक्के असतो आणि पाणी वीस-पंचवीस टक्के. त्यामुळे किलोमागे उष्णता मिळते सतरा-अठरा मेगाज्यूल. डिझेलची असते बेचाळीसच्या वर. शेवाळाचे कच्चे तेल या दोघांच्या मधे कुठेतरी बसते. ते डिझेलमध्ये नीट मिसळत नाही, ठेवले तर घट्ट होत जाते, आणि बाटलीचे बूच काढल्यावर पुन्हा कधी लावू असे होते.

उत्प्रेरकाची गरज इथे येते.

स्वीडनच्या क्रोनस्टेट या खनिजशास्त्रज्ञाने १७५६ साली एक दगड तापवला तेव्हा त्यातून पाणी उकळल्यासारखा फेस आला. त्याने त्याला ‘उकळणारा दगड’ या अर्थाचे ग्रीक नाव दिले: झिओलाइट. हे दगड महाराष्ट्राला परके नाहीत. आपल्या काळ्या कातळात लाव्हा थंड होताना जे पोकळ फुगे राहिले त्यांत हेच स्फटिक वाढले. जळगाव, नाशिक, पुणे, औरंगाबाद या भागांतल्या खाणींतले स्टिल्बाइट आणि ह्यूलँडाइट जगभरच्या संग्रहालयांत आहेत. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते पाहता येतात. झिओलाइटच्या आत ठरावीक मापाच्या भोकांची जाळी असते. उष्णतेने जाळीतले पाणी निघून जाते आणि रिकाम्या भोकांत दुसरे रेणू शिरतात. भोकाहून मोठा रेणू बाहेरच अडतो. चाळण असते, तशीच. फक्त ही चाळण पाहुण्या रेणूला आत बसवून त्याचे रूपही बदलते, कारण तिच्या भिंतींवर आम्लाची केंद्रे असतात.

तेल पाडण्याच्या कामात सर्वांत गाजलेली चाळण म्हणजे झेडएसएम-५. अमेरिकेच्या मोबिल कंपनीने १९७२ साली तिचे पेटंट घेतले. हा दगड निसर्गातला नव्हे, कारखान्यातला. भोकाचा व्यास अर्ध्या नॅनोमीटरपेक्षा किंचित जास्त, म्हणजे बेन्झिन, टोल्युइन, झायलिन यांचे रेणू जेमतेम आत-बाहेर करू शकतील एवढा. पाडलेल्या तेलाच्या वाफा थंड होण्याआधी तिच्यातून नेल्या तर मोठे, चिकट रेणू तुटतात, ऑक्सिजन पाण्याच्या आणि कार्बनच्या ऑक्साइडांच्या रूपाने बाहेर पडतो, नायट्रोजनचा काही भाग अमोनिया होऊन जातो, आणि उरलेल्या कार्बन-हायड्रोजनची पेट्रोलच्या जातीची संयुगे तयार होतात. या विद्येत पुणे मागे नव्हते. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात याच कुळातला ‘एन्सिलाइट’ नावाचा उत्प्रेरक घडवला आणि तो बडोद्याच्या आयपीसीएल कारखान्यात झायलिनच्या उत्पादनासाठी वापरला गेला. एनसीएल ही प्रयोगशाळेची आद्याक्षरे त्या नावात ऐकू येतात. खनिज तेलासाठी केलेले ते काम होते; शेवाळाच्या वाफेसाठी लागणारे ज्ञान त्याहून फार निराळे नाही.

पण उत्प्रेरक फुकट काम करत नाही, हे त्याच्या जाहिरातीत सांगितले जात नाही. ऑक्सिजन काढायचा तर तो एकटा निघत नाही. पाणी होऊन जाताना हायड्रोजन नेतो, कार्बन डायऑक्साइड होऊन जाताना कार्बन नेतो. म्हणून १०० किलो कोरड्या शेवाळातून जिथे चाळीसेक किलो कच्चे तेल पडते, तिथे झिओलाइटमधून गेल्यावर हाती वीस-पंचवीस किलो राहते. तेल सुधारते आणि आटते. दूध आटवून बासुंदी करताना घरातले कोणी तक्रार करत नाही, पण इथे विकायचे आहे लिटरवर. शिवाय भोकांत काजळी साचते. ती हवेत जाळून चाळण पुन्हा साफ करता येते; खनिज तेलाच्या कारखान्यात हे रोज चालते. अमोनियाचे तसे नाही. तो अल्कधर्मी आहे, आणि झिओलाइटचे सगळे काम आम्लाच्या केंद्रांवर. म्हणजे शेवाळातला जो नायट्रोजन काढायला उत्प्रेरक आणला, तोच त्याच्या जागा अडवून बसतो. शेवाळात राखही पुष्कळ. तिच्यातले सोडियम-पोटॅशियम चाळणीला कायमचे निकामी करू शकतात. खाऱ्या पाण्यातल्या जातींत हे अधिक. म्हणून संशोधक स्वस्त आणि टाकून देण्याजोगे उत्प्रेरकही वापरून पाहतात: सोडा, चुना, डोलोमाइट, कोळशाची राख. परळीच्या औष्णिक केंद्राच्या राखेत सिलिका आणि अॅल्युमिना आहेत, झिओलाइटची विटा-माती तीच. कॉस्टिक सोड्याबरोबर तापवून अशा राखेचे झिओलाइट करण्याची रीत जगात माहीत झालेली आहे. ते झेडएसएम-५ नसते, भोके मोठी असतात, पण मोडायला स्वस्त असते. माझा कल या स्वस्त मार्गाकडे आहे. ज्या घरात पाहुणा विंचू बाळगून येतो तिथे चांगली सतरंजी अंथरू नये.

आता पाणी. तळ्यातल्या एक लिटर पाण्यात शेवाळ असते अर्धा ग्रॅम, फार तर एक. म्हणजे एक किलो कोरडे शेवाळ हवे असेल तर हजार-दोन हजार लिटर पाणी हाताळावे लागते. पेशी इतक्या लहान, आणि सगळ्या ऋण प्रभाराच्या, की त्या एकमेकींना दूर लोटतात आणि तळाशी बसत नाहीत. तुरटी फिरवली तर त्यांचे गोळे होतात, पण ती तुरटी पुढे राखेत येते. शेवग्याच्या बियांची पूडही हे काम करते. गढूळ पाणी निवळायला ती वापरतात हे खेड्यात माहीत आहे, आणि शेवाळ गोळा करण्यासाठीही तिचे प्रयोग झाले आहेत. गोळे गाळून, फिरवून, दाबून जो लगदा मिळतो त्यात तरीही ८० टक्के पाणी. म्हणजे किलोभर कोरड्या शेवाळाबरोबर चार किलो पाणी.

हा लगदा भट्टीत टाकला तर काय होईल? एक किलो पाणी तीस अंशांवरून उकळून त्याची वाफ करायला सुमारे अडीच मेगाज्यूल उष्णता लागते. चार किलोंना दहा. कोरड्या शेवाळाची एकूण उष्णता किलोला वीस मेगाज्यूलच्या आसपास. तेलाचा पहिला थेंब पडण्याआधी निम्मी कमाई वाफेत गेली. याच कारणाने अनेक ठिकाणी पायरोलिसिस सोडून लगदाच तीनशे-साडेतीनशे अंशांना प्रचंड दाबाखाली शिजवण्याचे प्रयोग चालतात. तिथे वाळवणे नाही, पण वातावरणाच्या शंभर-दोनशे पट दाब पेलणारी जाड पोलादी भांडी आणि पंप आले. तालुक्याच्या गावी ते सांभाळणारा फिटर मिळणे कठीण.

आमच्याकडे ऊन आहे. एप्रिल-मे महिन्यांत लातूर-नांदेडच्या गच्च्यांवर सांडगे, पापड, कुरडया वाळतात त्याच उन्हात शेवाळाचा पातळ थर दिवसात कडकडीत होतो. स्पिरुलिना पिकवणारे लोक तिचा लगदा शेवयांसारखा पाडून वाळवतात, तो याच हिशोबाने. इंधनाच्या हिशोबात दहा मेगाज्यूल फुकट मिळणे ही लहान गोष्ट नाही. पण जे ऊन लगदा वाळवते तेच ऊन तळेही वाळवते.

उघड्या पाण्याचे बाष्पीभवन आमच्या भागात वर्षाला साधारण दोन मीटर धरावे. पाऊस भरतो पाऊण मीटर, बऱ्या वर्षी थोडा अधिक. राहिले सव्वा मीटर तुटीचे. एक हेक्टर तळ्यात सव्वा मीटर म्हणजे सव्वा कोटी लिटर. हा आकडा लातूरकरांना कळेल अशा मापात सांगतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. १२ एप्रिलच्या पहिल्या गाडीत दहा वॅगन होत्या, पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वॅगनची गाडी आली, पंचवीस लाख लिटरची. त्या मोठ्या गाडीच्या पाच खेपा म्हणजे एका हेक्टरच्या शेवाळाच्या तळ्यातून वर्षात नुसते हवेत गेलेले पाणी. आणि मिळाले काय? चाळीस टन शेवाळ, त्यातून उत्प्रेरकाने सुधारलेले नऊ-दहा टन तेल, म्हणजे सुमारे अकरा हजार लिटर. लिटर तेलामागे हजाराहून जास्त लिटर पाणी आकाशात. गोड्या पाण्यावर मराठवाड्यात शेवाळाचे तेल करा असे जो सांगेल त्याला मांजरा धरणाच्या कोरड्या तळात उभे करून हा हिशोब वाचायला द्यावा.

ही भीती कल्पनेतली नाही. मोगली एरंडाचे उदाहरण फार जुने झालेले नाही. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने जट्रोफाच्या बायोडिझेलची शिफारस केली. पडीक जमिनीवर, पाण्यावाचून, जनावर खात नाही, असे त्याचे गुण गायले गेले. २००९च्या जैवइंधन धोरणाने २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे लक्ष्य ठेवले. पाण्यावाचून झाड जगले, बी मात्र धरले नाही. डिझेलमध्ये बायोडिझेल नावापुरतेही मिसळले गेले नाही. झाडाच्या चिवटपणाला उत्पन्न समजण्याची ती गफलत होती. शेवाळाच्या बाबतीत वेगाला नफा समजण्याची होऊ शकते.

चीनमधला एक प्रयोग या संदर्भात फार बोलका आहे. बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठात मिआओ आणि वू यांनी २००४ साली क्लोरेलाच्या एका जातीचे तेल पाडून ५८ टक्क्यांच्या जवळपास द्रव मिळवला, आणि त्याची उष्णता किलोला ४१ मेगाज्यूल. डिझेलच्या दाराशी. हा आकडा आजही भाषणांत येतो. त्यांनी ते शेवाळ अंधारात ग्लुकोजवर वाढवले होते, हे भाषणांत येत नाही. उन्हावर वाढवलेल्या त्याच जातीतून तेल पडले त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला यातला विनोद लगेच कळेल. साखर शेवाळाला चारायची, शेवाळ वाळवायचे, भाजायचे, तेल पाडायचे. त्यापेक्षा ती साखर आंबवून सरळ अल्कोहोल केलेले काय वाईट? ते आपण करतोच आहोत.

कारखान्यांचा संबंध दुसऱ्या बाजूने मात्र खरा आहे. शेवाळाला किलोमागे पावणेदोन-दोन किलो कार्बन डायऑक्साइड लागतो. अल्कोहोलच्या आंबवणीतून लिटरमागे पाऊण किलो शुद्ध वायू निघतो. तो चिमणीच्या धुरासारखा मिश्र नसतो. डिस्टिलरीच्या सांडपाण्यातही पोषक द्रव्ये भरपूर. पण स्पेंटवॉश काळा-तपकिरी असतो आणि त्यातून ऊन खाली जात नाही, त्यामुळे अंधारात क्लोरेला काय करणार. तो बराच पातळ करावा लागतो, आणि पातळ करायला पुन्हा पाणी.

राहिले शहराचे सांडपाणी. मला वाटते, या सगळ्या विद्येचा आमच्याकडचा खरा धागा इथे आहे. कॅलिफोर्नियात विल्यम ऑस्वल्ड यांनी १९५०च्या दशकापासून हेच सांगितले होते: सांडपाण्याच्या उथळ तळ्यात शेवाळ वाढवा, ते पाण्यातला नायट्रोजन-फॉस्फरस खाते आणि जीवाणूंना ऑक्सिजन देते, पाणी साफ होणे हे पहिले काम, शेवाळाची ऊर्जा हे दुसरे. त्यांच्यानंतर ज्यांनी क्रम उलटा केला त्यांचे काय झाले ते वर आलेच आहे.

नांदेडची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत साडेपाच लाख होती. माणशी शंभर लिटर सांडपाणी धरले तर दिवसाला साडेपाच कोटी लिटर. त्यात लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या आसपास नायट्रोजन असतो; म्हणजे रोज दोन टनांहून अधिक नायट्रोजन. आज तो नदीच्या पाण्यात उतरला की हिरवी साय आणि जलपर्णी यांचे खत होतो. किलोभर शेवाळाला ७० ग्रॅम नायट्रोजन पुरतो, तेव्हा कागदावर रोज तीस टन शेवाळ झाले, आणि त्यासाठी पाचशे एकर तळी. हे पाचशे एकर शहराला लागून कुठे मिळणार, हे महापालिकेच्या हद्दीतले जमिनीचे भाव माहीत असणाऱ्याला विचारायला नको. म्हणून सगळ्या शहराचे स्वप्न सोडून द्यावे, आणि एका एकराचा हिशोब करावा.

एक एकर तळे, फूटभर खोल, मधे भिंत घालून पाणी गोल फिरत राहील असे, पाणी ढकलायला एक चाक. रोज साठ किलो शेवाळ. त्याला लागणारा नायट्रोजन लाखभर लिटर सांडपाण्यात असतो, म्हणजे हजार माणसांची एक वस्ती. तळ्यात पाणी दहा-बारा दिवस राहते, तेवढ्यात शेवाळाचे काम होते. लगदा उन्हात वाळवायचा. पावसाळ्यात हे चालणार नाही. तेव्हा लगदा सरळ गोबरगॅसच्या टाकीत घालावा, उगाच भट्टीचा हट्ट धरू नये. भट्टीला सुरुवातीचा जाळ आणि जोडीचा कच्चा माल तुराट्यांचा. आमच्या शिवारात तुरीच्या तुराट्या आणि कापसाच्या पऱ्हाट्या आधीच वाळलेल्या असतात. नुसते तेल पाडायचे म्हटले तर शेवाळापेक्षा त्या सोप्या. दोन्ही मिसळून भाजले तर लाकडातला जास्तीचा ऑक्सिजन आणि शेवाळातला जास्तीचा नायट्रोजन, दोन्ही दोष पातळ होतात, आणि एका भट्टीला बारा महिने काम मिळते. लातूरच्या तेलबिया संशोधन केंद्राने करडईसाठी जे केले ते, म्हणजे जाती निवडणे, हंगाम बघणे, इथल्या उन्हात काय टिकते ते वर्षानुवर्षे लिहून ठेवणे, ते शेवाळासाठीही कोणीतरी करावे लागेल. मे महिन्यात तळ्याचे पाणी किती तापते आणि त्या तापात कोणती जात मरत नाही, हे पुस्तकातून आणता येणार नाही.

साठ किलो शेवाळातून सुधारलेले तेल पंधरा किलो पडेल आणि तेवढाच कोळसा. तेलाने वस्तीतला एखादा पंप चालेल, फार झाले तर दोन. कोळशात फॉस्फरस राहतो, तो शेतात जाईल. मे महिन्यात तळ्यावरून रोज आठ-दहा मिलिमीटर पाणी उडेल, एकराला तीस-चाळीस हजार लिटर. आलेल्या लाखातले साठ-पासष्ट हजार लिटर पाणी पलीकडच्या दाराने बाहेर पडेल, आले त्यापेक्षा पुष्कळ निवळ, आणि मे महिन्यात ते नदीला सोडायचे की उसाला, यावरून भांडण होईल.